कापसाच्या मुलखातून शेवंडीकडे

आमच्या वडनेरवरून जाणारा महामार्ग ४४ दक्षिणेला थेट कन्याकुमारीला जाऊन संपतो. हिंगणघाट तालुक्यातल्या या गावाला समुद्र नाही, पण समुद्राकडे नेणारा रस्ता दारातून जातो. त्या टोकाला कोळचल, मुट्टम या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या गावांत शेवंडीची, म्हणजे लॉबस्टरची, जुनी मासेमारी आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर आंध्रचा किनाराही आम्हाला कोकणापेक्षा जवळ पडतो. तरी विदर्भातला माणूस समुद्र म्हटलं की पश्चिमेकडेच तोंड करतो. मीही तिकडेच गेलो. तिथली भाषा कळते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या भाषेत भाव करता येतो.

*

जायचं कसं? वडकी, राळेगाव, कळंब करत यवतमाळ गाठायचं. तिथून पुढे नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. याला लोक नागपूर–रत्नागिरी महामार्ग म्हणतात, रत्नागिरीकडचे लोक मिऱ्या–नागपूर म्हणतात. अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूरला मुक्काम करावा. एका दमात जाणारे असतात, पण घाटात त्यांचे डोळे मिटायला लागतात.

दुसरा मार्ग समृद्धीचा. शेवटचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून नागपूर–मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाले. मुंबईवरून अलिबाग धरायचं आणि किनाऱ्याने खाली उतरत जायचं.

तिसरा मार्ग अजून कागदावर आहे. पवनार ते पत्रादेवी, म्हणजे विनोबांच्या आश्रमाच्या गावापासून गोव्याच्या वेशीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग, ८०२ किलोमीटरचा आखलेला. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आहे. शेवंड खायला लवकर पोचता येईल म्हणून कुणाची बागायत रस्त्याखाली जावी, असं मला वाटत नाही.

*

आधी हे डोक्यातून काढावं: सिनेमात दिसतो तो दोन जाडजूड नांग्यांचा लॉबस्टर कोकणात मिळत नाही. तो उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात. तिला असतात अंगाहून लांब, काटेरी मिशा. खाण्याचा ऐवज सगळा शेपटीत. त्यामुळे नांगी फोडायची कात्री, हातोडी असली सामग्री ज्या हॉटेलात मेजावर मांडतात, तिथे सजावटीचे पैसे जास्त लागतात एवढं समजून घ्यावं.

जिवंत शेवंड हिरवट, तपकिरी, कुठे निळसर. शिजली की लाल. लाल रंग मसाल्याचा नसतो. तो कवचात आधीपासून असतो, पण एका प्रथिनाला बांधलेला असतो. उष्णतेने प्रथिन उलगडतं आणि रंग सुटा होतो. झिंग्याचं, खेकड्याचंही तेच.

*

किनाऱ्यावर ‘शेवंड कुठे चांगली मिळते?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘आज कुठे आली?’ हा प्रश्न कामाचा. शेवंड खडकाळ तळावर राहते, रात्री बाहेर पडते आणि तळाला लावलेल्या जाळ्यात गुंतते. उत्तरेकडे, रायगड–मुंबईच्या चिखलट तळावर, ती डोलीच्या आणि ट्रॉलरच्या जाळ्यात इतर मासळीबरोबर येते. म्हणजे बहुतेक ठिकाणी ती ठरवून धरलेली नसते, लाभलेली असते. ज्या हॉटेलच्या फलकावर ती बारा महिने रंगवलेली आहे, तिथली शेवंड बहुधा बर्फातली असणार.

बारा महिने ती असूही शकत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होतो, पण पाणी निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. आमच्याकडे तेव्हाच कापूस घरात येतो, हातात चार पैसे असतात. सहलीला मुहूर्त जुळतो तो असा.

*

रत्नागिरी. मिरकरवाडा बंदरावर भल्या पहाटे जावं. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे वासाने आणि आरडाओरड्याने काही सुचत नाही. पण हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात ज्याने कापसाच्या गाड्यांच्या रांगेत दिवस काढलाय, त्याला थोड्याच वेळात सगळं ओळखीचं वाटू लागतं. माल आणणारा वेगळा, बोली लावणारा वेगळा, काट्यावर बसणारा वेगळा. माल आणणारा सगळ्यात दमलेला आणि सगळ्यात गप्प.

बांगडा, तारली टोपलीने, ढिगाने जाते. शेवंड काट्यावर जाते. मोठ्या शेवंडी लिलावाच्या गर्दीत फारशा दिसत नाहीत. त्यांचा गिऱ्हाईक आधीच ठरलेला असतो, त्याच्याकडे ओलं गोणपाट आणि थर्मोकोलचे खोके तयार असतात. ओलसर, थंड ठेवली तर शेवंड पाण्याबाहेर बराच वेळ जगते, म्हणून ती जिवंतपणी विमानात बसू शकते. पापलेटच्या नशिबी ते नाही.

*

जाळ्यावरून आलेल्या एका मावशींना विचारलं, “तुमच्या घरी कशी करता शेवंड?” त्या हसल्या. म्हणाल्या, “घरी बांगडो.”

आमच्या घरीही लांब धाग्याच्या कापसाचा सदरा कुणी शिवलेला मला आठवत नाही.

*

रत्नागिरीपासून दक्षिणेला सागरी महामार्ग धरावा. भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. रेवस ते रेडी असा हा रस्ता, बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातलं स्वप्न. कुठे रुंद, कुठे दोन रिक्षांना जेमतेम. नकाशातलं अंतर आणि लागणारा वेळ यांचा इथे मेळ नाही. समुद्र सरळ आहे, रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालतो. विदर्भातल्या सरळसोट रस्त्यावर गाडी शिकलेल्याने पहिला दिवस हळू चालवावी.

विजयदुर्ग–देवगड पट्ट्यात बंदर लहान, गर्दी कमी. देवगडला हापूसच्या हंगामात जाणारे पुष्कळ. मासळीसाठी थंडीत जावं. बंदरावर विकत घ्यायचं आणि जवळच्या घरगुती खाणावळीत ‘करून द्याल का?’ असं नम्रपणे विचारायचं. बहुतेक ठिकाणी करून देतात, शिजवायचे पैसे वेगळे. दुपारचं जेवण हवं असेल तर सकाळी सांगावं. ऐन एकच्या सुमारास पिशवीतून शेवंड काढणाऱ्या पाहुण्याकडे खाणावळीतल्या वहिनी ज्या नजरेने बघतात, ती टाळलेली बरी.

*

मालवण. शेवंडीसाठी एकच मुक्काम करायचा असेल तर इथे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याला गलबतं सहज भिडू शकत नव्हती ती याच खडकांमुळे, आणि शेवंडीला बिळं मिळाली तीही यांच्यामुळेच. १९८७ मध्ये इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीने आणि लहान जाळ्यांनी समुद्र रिकामा झालेला नाही, तो मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी होतोय. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला अशा पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. मालवणात कुठेही चहाला बसा, हा विषय निघतोच.

खाण्याची नावं लोक सांगतात ती चैतन्य, अतिथी बांबू अशी जुनी. देवबाग–तारकर्लीच्या बाजूला घरोघरी न्याहारी-निवासाची सोय आहे. शेवंडीसाठी मी घरगुती ठिकाणाला झुकतं माप देईन. कारण साधं आहे: तिथे ती तुमच्यासाठी आणली जाते, तुमच्या येण्याची वाट बघत फ्रीजरमध्ये बसलेली नसते.

*

अशाच एका घरातल्या काकूंनी विचारलं, “खयसून इलात?”

“वर्धेकडून.”

“म्हणजे नागपूर?”

“त्याच्याच अलीकडे.” वर्ध्याच्या माणसाला आयुष्यभर हेच उत्तर द्यावं लागतं.

“मगे तुमका तिखट व्हया.”

हा एक गैरसमज मालवणपर्यंत पोचलाय. सावजीच्या कीर्तीने आम्ही सगळेच तिखटाचे राक्षस ठरलो आहोत. काकूंना म्हटलं, तुमच्या घरच्यांना करता तसंच करा. मोठी शेवंड दाखवून म्हटलं, ही घेऊ का? त्या म्हणाल्या, “येवढी मोठी कित्याक? मधली घ्या. मास गोड असता.”

हा सल्ला नंतर कुणीही खोटा ठरवला नाही. फार मोठ्या शेवंडीचं मांस भरड लागतं, शिजताना वरचं रबर होतं आणि आतलं कच्चं राहतं. मोठी फोटोत चांगली येते.

*

मधली म्हणजे केवढी? निर्यातीसाठी केंद्राने २००३ मध्ये किमान वजनं ठरवून दिली. आपल्या उत्तर किनाऱ्यावरच्या चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम, खडकावरच्या लहान जातीला २००, दक्षिणेच्या मोठ्या रंगीत जातीला ५०० आणि चपट्या वाळूतल्या शेवंडीला १५०. त्याहून हलकी बाहेर पाठवता येत नाही. हा नियम बंदरावरच्या निर्यातदाराला लागू. ताटावर बसलेल्याला तो कुणी दाखवत नाही. म्हणजे काट्यावर नापास झालेलं पिल्लू पर्यटकाच्या ताटात येऊ शकतं, ‘बेबी लॉबस्टर’ अशा लाडक्या नावाने. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवले, हे पाऊल चांगलं. पण शेवटचा काटा खाणाऱ्याच्या हातात असतो.

त्याच नियमात शेपटीचंही वजन दिलंय: ३०० ग्रॅमच्या अख्ख्या शेवंडीमागे ९० ग्रॅमची शेपटी. तिसरा हिस्साही नाही. किलोभर शेवंड घेतली म्हणजे किलोभर खाल्ली असं समजणाऱ्याने हा हिशेब मांडून ठेवावा. आम्हाला सवय आहे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती तिसऱ्या हिश्श्याच्याच आसपास, बाकी सरकी.

*

म्हणून डोकं आणि पाय टाकू देऊ नका. शेपूट भाजून किंवा तळून घ्यावी आणि डोक्याचा रस्सा मागावा. ओलं खोबरं, धणे, लाल मिरची यांचं वाटप, आमसूल, वरून ठेचलेलं तिरफळ. शेपटीपेक्षा या रश्श्यात समुद्र जास्त असतो. सोबत तांदळाची भाकरी, नाहीतर भात. सोलकढी शेवटी. आमचा दारूबंदीचा जिल्हा, आम्हाला सोलकढीचं अप्रूप इतरांपेक्षा जास्त.

लोणी-लसणात भाजलेली शेवंड आता सगळीकडे मिळते. वाईट नसते, पण वेंगुर्ल्यात खाल्लेली आणि मुंबईत खाल्लेली सारखीच लागते. ज्यासाठी नऊशे किलोमीटर आलो ते वाटप असतं.

शिजायला वेळ फार थोडा. अर्ध्या किलोच्या शेवंडीला उकडायला दहा मिनिटं पुरतात. मांस पांढरं झालं, पारदर्शकपणा गेला की उतरवायची. आमच्याकडचा मटणाचा हिशेब, मंद आचेवर तासभर, इथे लावला तर चपलेचा तळवा तयार होतो.

*

जिवंत आहे की नाही हे बघायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाठीला धरून उचलली की शेपूट पोटाखाली आपटते. लोंबकळली तर समजावं. मेलेल्या शेवंडीचं मांस झपाट्याने सुटतं, भुसभुशीत होतं, अमोनियाचा वास येतो. तो वास झाकायला मसाला जास्त पडतो. कुठलाही पदार्थ गरजेपेक्षा तिखट आला की मला त्यामुळे संशय येतो, सावजी मुलखातला असूनही.

*

वरच्या बाजूने, म्हणजे अलिबागकडून येणाऱ्यांसाठी. मुरूडजवळ आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड: चार खाड्या, चार फेरी बोटी, गाडीसकट. प्रत्येक फेरीने मोठा वळसा वाचतो. थोडा वेळ थांबावं लागतं, पण तिथे उभ्या असलेल्या माणसांइतकी ताजी मासळीची बातमी कुठेच नसते. कुठल्या बंदरात काल काय आलं ते इथे फुकट कळतं.

या वाटेवर हर्णै चुकवू नये. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर लिलाव, होड्यांमधून माल वर आणायला बैलगाड्या. समुद्राच्या पाण्यात उभी बैलजोडी बघून कापूसवाल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही. दापोली जवळ, मुक्कामाची सोय चांगली.

*

मुंबईतून जाताना कुलाब्याचा ससून डॉक पहाटे पाहावा. शहरातल्या मासळीचा मोठा भाग इथे उतरतो. पण १८७५ मध्ये ससून घराण्याने हा डॉक बांधला तो मासळीसाठी नाही, कापसाच्या व्यापारासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस सोन्याचा झाला. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात घेतलं जाई. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तोवर तो सुकाळ ओसरला होता.

शेवंडीचंही असंच परवापरवाचं उदाहरण आहे. २०२० च्या नोव्हेंबरात चीनने ऑस्ट्रेलियाच्या जिवंत शेवंडीला दार बंद केलं. भांडण दोन सरकारांचं. तिकडच्या मच्छीमाराची मोठी बाजारपेठ रातोरात गेली. २०२४ च्या अखेरीस दार पुन्हा उघडलं. जाळं टाकणाऱ्याच्या किंवा सरी पाडणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं. माल एका गावात तयार होतो, भाव भलत्याच गावात ठरतो. या एका बाबतीत वडनेर आणि वेंगुर्लं शेजारी आहेत.

*

शेवंडीची शेती का होत नाही, असं गावाकडे हमखास विचारतात. झिंग्याची होते ना? होते. पण शेवंडीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काचेच्या पानासारखं पारदर्शक असतं आणि कित्येक महिने भर समुद्रात वाहत राहतं, रूपं बदलत. ते सगळं टाकीत करून दाखवणं अतिशय खर्चाचं. व्हिएतनामात समुद्रातून पिल्लं धरून पिंजऱ्यात वाढवतात. गुजरातेत वेरावळच्या बाजूला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने असे पिंजऱ्यांचे प्रयोग केले. पण पिल्लू शेवटी समुद्रच देतो. आपल्या ताटातली प्रत्येक शेवंड रानातली आहे, शेतातली नाही.

आणि रान संपतं. मुंबईच्या पाण्यात चपटी, वाळूतली शेवंड १९८० च्या सुमारास ट्रॉलरमध्ये भरपूर येई. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रज्ञांनी त्याची रीतसर नोंद केली. मोठं वादळ नाही, रोगराई नाही. नुसती मागणी होती.

*

वेंगुर्ले, शिरोडा, रेडी, मग तेरेखोलच्या पलीकडे गोवा. वेंगुर्ल्याआधी निवतीला वळावं, बंदर लहान आणि माणसं बोलकी. गोव्यात समुद्रकाठच्या शॅकमध्ये बर्फावर मांडलेली शेवंड दाखवून भाव सांगतात. तिथे तीन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: भाव किलोचा की नगाचा, वजन समोर होणार का, आणि शिजवण्याचे पैसे त्यात आले का. हे विचारण्यात लाज नाही. जेवण झाल्यावर विचारण्यात आहे.

*

ज्यांनी आयुष्यात झिंगा-खेकडा खाल्ला नाही, त्यांनी आधी दोन घास खाऊन थांबावं. कवचाच्या जलचरांची ॲलर्जी काहींना जोरात येते: ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. किनाऱ्यावरच्या माणसाला आपलं काय ते लहानपणीच कळलेलं असतं. आपल्याकडच्या माणसाला ते पन्नाशीत, दवाखान्यापासून लांब, कळू शकतं. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी रश्श्याची दुसरी वाटी नाकारावी.

*

नेताना काय न्यावं? वर्ध्याचा गोरसपाक. कोकणात तो टिकतो आणि आवडतो. हिंगणघाटकडची तूरडाळ. ज्या काकूंनी शेवंड करून घातली त्यांना पैसे देतोच, डाळ दिली की पुढच्या हंगामात फोन त्यांचाच येतो: “भावजी, परवा येतास तर या, चांगली गावली हा.”

आणू काय नये? शेवंड. बर्फात घालून वडनेरपर्यंत आणली तर आणल्याचं समाधान मिळतं, चव मिळत नाही. त्यापेक्षा आमच्या तलावातला झिंगा आणि वर्धा नदीतली मरळ ताजी खावी.

*

गावात पहिला प्रश्न: “किती लागले?” शेवंड किलोला हजाराच्या वर जाते आणि नाताळच्या गर्दीत दुपटीवर. दोन हजार धरा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एका किलोमागे पाव क्विंटल कापूस. तोही हमीभाव मिळाला तर.

“बापा! काहून खाल्ली मंग?”

कारण असं. बाजार समितीत मी नेहमी काट्याच्या एकाच बाजूला उभा असतो, विकणाऱ्याच्या. ओलावा किती, कवडी किती, कट्टी किती, हे दुसरा ठरवतो आणि मी मान डोलावतो. मालवणच्या किनाऱ्यावर मी घेणारा होतो. घेणाऱ्याने कसं वागू नये हे मला तोंडपाठ होतं. तेवढं जपलं तरी पुष्कळ: वजनावर वाद नाही, भाव पाडायला मालाला नावं ठेवायची नाहीत, हातातले पैसे हातात द्यायचे.

आणि एक. शेवंड घेण्याआधी ती उलटी करायला सांगावी. शेपटीखाली नारिंगी, दाण्यांचा घोस दिसला तर ती अंड्यांवरची मादी आहे, एका वेळी लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी सांभाळणारी. काही जण ती अंडी चवीची म्हणून मुद्दाम मागतात. आपण ती नको म्हणावं, मोठ्याने म्हणावं, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. दुसरी नसेल तर बांगडा घ्यावा. तिरफळ घातलेल्या बांगड्याने कुणाची सहल वाया गेलेली नाही.